एमेस्सी इन लेंड्या

मे महिन्यातल्या एका सकाळी मी स्वीडनच्या जंगलात एका खुंटीला दोरी बांधून, तिचं दुसरं टोक हातात धरून, मान खाली घालून गोल गोल फिरत होतो, घाण्याचा बैल फिरतो तसा. दोरीची लांबी ५ मीटर ६४ सेंटिमीटर, कमी नाही जास्त नाही, कारण तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की आत १०० चौरस मीटर जागा येते. दहावीत पाय आर स्क्वेअर घोकताना वाटायचं ना की याचा आयुष्यात काय उपयोग, तर हा उपयोग. त्या वर्तुळात मूसच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, लेंड्यांचे ढीग किती ते मोजायचे, वहीत लिहायचं, शंका असली तर शेजारी पेन ठेवून फोटो काढायचा म्हणजे साइज कळते, आणि खुंटी उपटून पुढच्या वर्तुळाकडं चालायला लागायचं. एक किलोमीटरचा चौकोन, कडेकडेनं १६ वर्तुळं, असे चौकोन किती ते विचारू नका.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. पप्पा. कुणाच्यातरी बारशाला पै-पाहुणे जमले होते आणि पोरगा परदेशात काय करतोय हे सगळ्यांना लाइव्ह दाखवायचं होतं. "हां, दाखव जरा तुझा रिसर्च." मी फोन खाली फिरवला.

दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मागनं काकांचा आवाज आला, "आरं, ह्यो लेंड्या गोळा कराय गेलाय व्हय तिकडं!"

गोळा करायला नाही ओ, मोजायला. पण ते बारशाच्या गोंधळात कोण ऐकतंय.

तर मी कोल्हापूर जिल्ह्यातला, राधानगरीच्या बाजूचा, आणि गेलं दीड वर्ष उमेओ नावाच्या गावात वाइल्डलाइफचं एमेस्सी करतोय. उमेओ म्हणजे स्वीडनच्या उत्तर भागात, बाल्टिकच्या किनाऱ्याजवळ, रस्तोरस्ती बर्चची झाडं. १८८८ मध्ये बहुतेक गाव जळालं होतं, मग परत आग पसरू नये म्हणून रस्ते रुंद केले आणि दुतर्फा बर्च लावले, असं सांगतात. डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या आसपास कसाबसा वर येतो आणि दोनला मावळतो, जूनमध्ये रात्री अकराला मावळतो आणि तरी अंधार काही होत नाही. घरी हे सांगितलं तर आजी म्हणाली मग माणसं जेवतात कधी. आजीचा दुसरा प्रश्न होता की मूस म्हणजे काय, कारण तिला मूस म्हटल्यावर सोनाराची मूस आठवली. मी सांगितलं की सांबराचा थोरला चुलता समज, उंची माणसापेक्षा जास्त, नाक लोंबतं, मोठा नर पाचशे किलोपर्यंत जातो. ती म्हणाली, "मग गव्यापेक्षा बारकाच की." बरोबर आहे. आमच्याकडं कुठल्याही जनावराचं माप गव्यापासनं सुरू होतं.

आता लेंड्यांचं शास्त्र. मूस दिसत नाही, पण दिवसाला साधारण १४ वेळा लेंड्या टाकतो. ऑक्टोबरात पानं गळली की जमीन पानांनी झाकली जाते, त्याच्या वर जे पडेल ते नवीन. मग बर्फ पडतं, सगळं फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं राहतं, मे महिन्यात बर्फ वितळलं की हिवाळाभराचा हिशोब जमिनीवर मांडलेला. साधारण २२० दिवस गुणिले १४, म्हणजे एका मूसचे तीनेक हजार ढीग. एका हेक्टरात सरासरी ३० ढीग मिळाले तर शंभर हेक्टरला एक मूस. म्हणजे माझ्या चौकोनात १६ वर्तुळं तुडवून जेमतेम पाच ढीग, बाकी नुसतं चालणं, दलदलीत बूट रुतणं आणि डास. डासांबद्दल मी लिहीत नाही, आईही हे वाचते.

हिवाळ्यातली मूसची लेंडी मात्र बघण्यासारखी असते बरं का. जांभळाएवढी, तशीच लांबुळकी, कोरडी, वास नाही काही नाही, फोडली तर आत नुसता लाकडाचा भुसा, कारण हिवाळाभर ते जनावर पाइनचे शेंडे आणि बर्चच्या काटक्या खाऊन जगतं. उन्हाळ्यात कोवळं खायला लागलं की लेंडी जाऊन आपल्या म्हशीसारखा पो पडतो. पहिल्या आठवड्यात मी रेनडियरच्या लेंड्या मूसच्या पिल्लाच्या म्हणून लिहिल्या होत्या, गाईडनं शांतपणे पेन्सिलनं खोडलं. गाईडला इथं नावानं हाक मारायची, मॅडम नाही, प्रोफेसर नाही. मला ते सहा महिने जमलं नाही म्हणून मी सहा महिने तिला हाकच मारली नाही, समोर जाऊन उभा राहायचो आणि खाकरायचो.

जंगलाबद्दल माझी सगळ्यात मोठी फसगत झाली. स्वीडनचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगल आहे हे मी ॲप्लिकेशनमध्ये अभिमानानं लिहिलं होतं, जणू काय मीच लावलं. इथं आल्यावर पहिल्या फील्ड ट्रिपला बसमधनं बघतोय तर पाइन, पाइन, पाइन, सगळी एका उंचीची, एका वयाची, मध्येच शेकडो एकर बोडकं रान, नुसते बुंधे, आणि पुढं परत पाइन. मला हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटत होतं आणि आठवत नव्हतं, मग एकदम पेटलं, अरे, हा तर ऊस आहे! लावण करायची, वाढवायचा, तोडायचा, परत लावण. फरक एवढाच की आमच्याकडं तोड वर्ष-दीड वर्षात येते आणि इथं ऐंशी-शंभर वर्षांनी, म्हणजे आजोबानं लावायचं आणि नातवानं कारखान्याला घालवायचं. आणि मूस त्या कोवळ्या पाइनचा शेंडा खातो. शेंडा खाल्ला की झाड वाकडं वाढतं, वाकड्या झाडाला भाव नाही. हे लेक्चरमध्ये ऐकताना मी वहीच्या कडेला लिहिलं, "गवा आणि ऊस". शेजारची जर्मन मुलगी विचारायला लागली काय लिहिलंस म्हणून. म्हटलं, घरची आठवण.

मूस प्रत्यक्ष बघायला मला सहा महिने लागले. सहा महिने त्याच्या लेंड्या, त्यानं खाल्लेले शेंडे, बर्फातले ठसे, सालीवरच्या दातांच्या खुणा, सगळं बघितलं, फक्त तो नाही. इतर सगळ्यांना दिसायचा. बसमधनं दिसायचा, सायकलवरनं दिसायचा, एका चिनी मुलाला तर एअरपोर्टवरनं येताना पहिल्याच संध्याकाळी दिसला आणि तो इकॉनॉमिक्स करतोय. मग फेब्रुवारीतला एक दिवस, उणे बावीस, माझा लॉन्ड्रीचा नंबर सकाळी सातचा. इथं बिल्डिंगमध्ये कपडे धुवायची एक सामायिक खोली असते आणि तिचा स्लॉट बुक करावा लागतो, आणि तो स्लॉट चुकवणं हा या देशात माझ्या मते दरोड्याच्या खालोखालचा गुन्हा आहे. तर मी इकेआच्या निळ्या पिशवीत आठवड्याची अंतर्वस्त्रं घेऊन अंगणातनं चाललोय आणि लॉन्ड्रीच्या दाराशेजारी ही बया उभी. मादी, मागं पिल्लू. शेजारच्या रोवानच्या झाडाच्या फांद्या आरामात मोडून खातेय. माझ्याकडं बघितलं, कान थोडे मागं केले. कान मागं म्हणजे रागावलेय हे पुस्तकात वाचलेलं. मी जिथं होतो तिथं उभा राहिलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पापण्यांवर बर्फ जमायला लागलं, माझा स्लॉट चालला होता, आणि खरं सांगतो मला त्या क्षणी काही थोर वगैरे वाटलं नाही, मी एवढाच विचार करत होतो की आता हिनं लेंड्या टाकल्या तर फ्रेश सॅम्पल मिळेल.

टाकल्या. पिशवीतला एक मोजा बळी गेला.

आणि आता ज्याची कॉलेजभर चेष्टा झाली ते पण सांगून टाकतो. मी इथं यायच्या आधी चांदोली, राधानगरी, दोन महिने ताडोबा असं सगळीकडं वॉलंटियरिंग केलंय. वाघ पायी बघितलाय. अस्वल बघितलंय. गवा तर घरचाच. एका जनावरानं कधी बोट लावलं नाही. आणि या देशात मला मारलं ते कोंबड्यानं.

टर्कीएवढा एक काळा रानकोंबडा असतो, इथं त्याला शेडर म्हणतात, चारेक किलोचा नर, शेपटीचा पंखा, डोळ्यावर लाल भुवई. वसंतात हे नर एका ठरलेल्या जागी जमतात, नाचतात, गळ्यातनं बाटलीचं बूच उघडल्यासारखा आवाज काढतात. त्यातला एखादा, का ते कुणालाच नीट सांगता येत नाही, डोक्यानं फिरतो आणि आपल्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो, माणूस, कुत्रं, ट्रॅक्टर, काहीही. त्या दिवशी माझं अकरावं वर्तुळ त्याच्या हद्दीत आलं. मी खाली बघून फिरतोय आणि मागनं पोटरीवर फाडकन बसली. वळलो तर साहेब पंखा फुलवून, मान वर करून, परत तयार. मी पळालो तर मागं. थांबलो तर टोचतोय. हातातली खुंटी ढालीसारखी धरून उलटा चालत मी जवळजवळ दोनशे मीटर माघार घेतली, आणि माझी फील्ड पार्टनर, जिनं मदत करायला हवी होती, ती बुंध्यावर बसून व्हिडिओ काढत होती. डेटाशीटवर अकराव्या वर्तुळापुढं कारण लिहायचा रकाना असतो. सहसा तिथं 'पाणी' किंवा 'रस्ता' लिहितात. मी 'कोंबडा' लिहिलं. तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर पण गेला, मीच घातला आणि पस्तावलो. आत्यानं लिहिलं, "बाळा, शिकून मोठा हो पण जपून."

मग सप्टेंबर आला. उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मूसची शिकार सुरू होते, आणि त्या आठवड्यात इथं कामाला कुणी सापडत नाही. प्लंबर नाही, इलेक्ट्रिशियन नाही, दातांचा डॉक्टरही रजेवर. स्वीडनभरात वर्षाला हजारोंनी मूस मारतात, काही वर्षांपूर्वीपर्यंत ऐंशी हजारांच्या आसपास मारायचे, १९८२ मध्ये तर पावणेदोन लाखांच्या घरात मारले होते, आणि तरी मूस आहेत. मी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या देशातनं आलेला. आमच्याकडं शिकारी म्हणजे चोर, पेपरात फोटो येतो तो खाली मान घालून. इथं शिकारी म्हणजे माझ्या डिपार्टमेंटचा डेटा. गाईड म्हणाली एक दिवस जाऊन बस त्यांच्यात, त्याशिवाय तुला हे कळायचं नाही.

मला एका सत्तरीच्या आजोबांबरोबर बसवलं. चार खांबांवर लाकडी मचाण, वर छप्पर, आत बाकडं. मी वर चढलो आणि हसायलाच लागलो, कारण हा आमच्या काकांचा उसातला राखणीचा माळा होता, तंतोतंत, फक्त इथं गोफणीच्या जागी दुर्बीण लावलेली रायफल आणि डोक्याला केशरी टोपी. आजोबा चार तासांत मोजून तीन वाक्यं बोलले. बाकी मी काहीही विचारलं की ते तोंडानं हवा आत ओढायचे, श्शुप. मला वाटलं दम्याचा त्रास असेल. नंतर कळलं की उत्तरेकडं "हो" असंच म्हणतात, श्वास आत ओढून. थंडीत तोंड उघडायला नको म्हणून असेल, असं आपलं माझं मत.

कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस, आजोबांच्या मांडीवर स्क्रीन, ठिपका सरकतोय. मग लांबनं भुंकणं. मग झाडीतनं मादी आली आणि मागनं पिल्लू, लॉन्ड्रीच्या दारात होतं तसंच. आजोबांनी पिल्लाला मारलं. मादीला सोडलं. नियम तसाच आहे, पिल्लाच्या आधी आईला मारायचं नाही, पोरकं पिल्लू हिवाळा काढत नाही. सगळं मला तोंडपाठ होतं, परीक्षेत त्यावर मार्क मिळालेत. पण ती मादी थोडं पुढं जाऊन थांबली आणि वळून बघत राहिली आणि मी मांडीवरच्या स्क्रीनकडं बघायला लागलो. आजोबांनी माझ्याकडं बघितलं, थर्मासमधली कॉफी ओतून पुढं केली. बोलले काही नाहीत. श्शुप पण नाही.

दुपारी खाली सगळे जमले. पिल्लाचं वजन केलं, सोलून साफ करून साठेक किलो, ते लिहून घेतलं, कारण पिल्लांचं वजन घटायला लागलं की समजायचं रानात खाणं कमी पडतंय. मोठ्या जनावरांचे जबडे वेगळे काढून ठेवतात, दाताला आडवा छेद देऊन झाडासारख्या वर्तुळांवरनं वय काढतात. पहिल्या आठवड्यात कोण किती तास बसलं आणि किती मूस बघितले, नर किती, मादी किती, पिल्लं किती, सगळं प्रत्येक गावचा गट कळवतो. हे आकडे, माझ्या लेंड्या आणि खाल्लेल्या शेंड्यांचा हिशोब असं सगळं समोर ठेवून जमीनमालक आणि शिकारी टेबलावर बसून भांडतात की पुढच्या वर्षी किती मारायचे. २०१२ पासून ही पद्धत आहे. मालक म्हणतात मूस जास्त झालेत, शिकारी म्हणतात कमी झालेत, आणि मी ज्या मीटिंगला मागच्या खुर्चीत बसलो होतो तिथं एका बाईंनी माझ्याच चौकोनाचा आकडा वाचून "हे मला पटत नाही" म्हटलं. मी खुर्चीत एवढा खाली सरकलो. पण बरं वाटलं. कुणीतरी माझ्या लेंड्या सीरियसली घेतल्या.

त्या संध्याकाळी मटणाचे वाटे घातले. शप्पथ, वाटेच. टेबलावर सारखे ढीग, एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं ढिगाला हात लावून विचारायचं हा कुणाचा, पाठ केलेला नाव घेणार. गावाकडं म्हाईला बोकड पडला की आमच्या अंगणात हेच चालतं. सातवं नाव माझं आलं. दीड किलोचा वाटा घेऊन मी रूमवर आलो, कुकरला सात शिट्ट्या दिल्या, आईनं पाठवलेली कांदा-लसणाची चटणी घातली, स्मोक अलार्म वाजला, कॉरिडॉरमधली सगळी वास काढत किचनमध्ये आली आणि बसलीच. गाईड पण आली होती. तिनं तांबड्या रश्शात लिंगनबेरीचा जॅम घातला. मी काही बोललो नाही, शेवटी मार्क तिच्या हातात आहेत.

रात्री काकांना फोन करून सगळं सांगितलं. काकांचं रान दाजीपूरच्या अंगाला. दाजीपूरचं ते जंगल एके काळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान, १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य. स्वीडनमध्येही मूसची शिकार राजाची आणि सरदारांचीच होती, १७८९ मध्ये तिसऱ्या गुस्ताव राजानं ती जमीनमालकांना खुली केली आणि मग पुढच्या काही दशकांत लोकांनी मूस जवळजवळ संपवून टाकला, मग बंदी, मग नियम, असं करत करत आजचं हे. हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हंजे तिथं शेतकऱ्याला मारू देत्यात." म्हटलं हो, पण. ते म्हणाले, "पण काय?" मला पणच्या पुढचं नीट बोलता आलं नाही. गवा मारायला परवानगी द्या असं मी म्हणणार नाही, मला ते नकोय, आणि काकांनाही नकोय, शिव्या घालतात पण सुतळी बॉम्बच्या पुढं कधी गेले नाहीत, एकदा खड्ड्यात पडलेलं गव्याचं पिल्लू काढायला रात्रभर त्यांनीच गडी जमवले होते. पण मी जायच्या वर्षी त्यांचा वीस गुंठे ऊस गव्यांनी लोळवला तेव्हा पंचनाम्याला माणसं आली, गुंठे मोजले, सातबारा बघितला, अंगठा घेतला. गवे किती होते, कुठनं आले, किती वर्षं येतायत, पिल्लं होती का, हे तीस वर्षं माळ्यावर झोपलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही. मी पण नाही. मी तेव्हा ताडोबात वाघ बघत होतो.

हे फोनवर त्यांना म्हणालो का? नाही. म्हटलं, "काका, आता बाहेर उणे चार आहे." ते म्हणाले, "स्वेटर घाल."

मागच्या आठवड्यात सकाळी उठलो तर व्हॉट्सॲपवर काकांचे अकरा फोटो. उसाच्या सरीत शेणाचे पो. प्रत्येक पोशेजारी त्यांची एक चप्पल, व्यवस्थित, सरळ ठेवलेली, साइज कळावी म्हणून. खाली व्हॉइस मेसेज, "हं, सायब, सांगा, राती किती आल्तं?"

मी कॉफी करून घेतली आणि बसलो. झूम केलं, चपलेवरनं माप काढलं, कुठला ओला, कुठला सुकलेला, एकाच जनावराचे दोन कुठले, अर्धा तास गेला. लिहिलं, "तीन. कदाचित चार. एक लहान असावं."

लगेच निळी टिक.

"चार. पिल्लू हुतं संगं. म्या माळ्यावरनं बगिटल्यात."